गाडीला पांढरा लाइट बसवण्याआधी : झेनॉन, फोकस आणि कायदा

आजचा विषय गाडीचे हेडलाइट. या विषयावर बोलायला उभं राहिलं की आम्हाला एकच प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. "गाडीचा लाइट पिवळा पडतो हो, रात्री काही दिसत नाही. झेनॉनचं किट टाकून घेऊ का? आणि पोलीस पकडणार नाहीत ना?"

हे खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, झेनॉन टाकल्यानं जास्त दिसेल का? दोन, ते कायद्यात बसेल का? बहुतेकांना दुसऱ्याचं उत्तर आधी पाहिजे असतं. आपण पहिल्यापासून सुरू करू. पहिलं नीट समजलं की कायदा वेगळा पाठ करायची गरज पडत नाही, कारण कायद्यानं तीच गोष्ट आपल्या भाषेत लिहिलेली आहे.

आधी हे सांगू, की जास्त उजेड मागण्यात काही चूक नाही. आपल्या सोलापुरातून पुणे-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ जातो आणि धुळ्याकडून येऊन विजयपूरकडे जाणारा ५२ जातो. तिथं दुभाजक आहे, पांढरे पट्टे आहेत. पण एकदा महामार्ग सोडून तालुक्याच्या, गावाच्या रस्त्याला लागलं की दुभाजक नाही, पट्टे पुसलेले, कडेला साइडपट्टी खचलेली. त्यात दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस मागे हातभर बाहेर आलेला, आणि मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. बैलगाडीची तीच गत. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या रस्त्यांवर आणि कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेवर रात्री पायी चालणारी माणसं असतात. तेव्हा "मला पुढचं दिसत नाही" ही तक्रार खरी आहे. ती कशी सोडवायची, एवढाच प्रश्न आहे.

आता हेडलाइट काम कसा करतो ते बघू. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यात दोन फिलामेंट. एक अप्परचं, ६० वॅट. एक डिपरचं, ५५ वॅट. बल्ब हातात घेऊन बघा, डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक छोटी वाटी दिसेल. ती वाटी शोभेची नाही. फिलामेंटचा खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तिथून तो खाली, रस्त्यावर येतो. भिंतीसमोर गाडी लावून डिपर चालू केला की उजेडाला वरून एक सरळ कड दिसते. कडेच्या खाली उजेड, वर अंधार. आपण डाव्या बाजूनं गाडी चालवतो, म्हणून ती कड डावीकडं थोडी वर चढते. कडेचा माणूस, पाटी, सायकल दिसावी म्हणून. उजवीकडं ती खाली राहते, कारण समोरून येणारा त्या बाजूला असतो.

म्हणजे डिपर म्हणजे नुसता कमी उजेड नाही. उजेड कुठं पडावा आणि कुठं पडू नये, याचा तो हिशोब आहे. आणि तो हिशोब फिलामेंटच्या जागेवर बसवलेला असतो. फिलामेंट ठरल्या जागेपासून मिलिमीटरभर जरी हललं तरी भिंतीवरची कड विस्कटते.

आता झेनॉन. यात फिलामेंट नसतंच. क्वार्ट्‌झच्या छोट्या नळीत दोन टोकं असतात, आत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार. दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पेटवली जाते आणि ती पेटती ठेवली जाते. पेटवायला सुमारे २०,००० व्होल्टच्या वरचा झटका लागतो, म्हणून बरोबर बॅलास्टचा डबा असतो. हा डबा घरी उघडून बघायचा नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. मोटारीत हे तंत्र पहिल्यांदा १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये आलं. उजेडाचा आकडा बघितला तर कुणालाही मोह होईल. एच-४ बल्बच्या डिपरचा उजेड साधारण १,००० ल्युमेन. एच-७ हॅलोजनचा साधारण १,५००. आणि ३५ वॅटच्या डी-२-एस झेनॉनचा साधारण ३,२००. वीज कमी, उजेड तिप्पट.

मग अडचण कुठं आली? अडचण अशी, की ज्या कंपनीनं गाडीला झेनॉन दिला, तिनं नुसता बल्ब दिला नाही. त्याच्यासाठी वेगळा दिवा बनवला. बहुतेक वेळा त्यात प्रोजेक्टर असतो, म्हणजे पुढं भिंग आणि आत उजेड अडवणारी पत्र्याची पट्टी. युरोपच्या नियमांनी तर २,००० ल्युमेनच्या वरच्या डिपरला आणखी दोन गोष्टी लावल्या. गाडीत मागं वजन पडलं की दिव्याचं तोंड आपोआप खाली करणारी यंत्रणा, आणि दिव्याची काच धुणारी पिचकारी. काच का धुवायची? मळक्या काचेवर उजेड फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो म्हणून.

बाजारात मिळणारं किट म्हणजे यातला फक्त बल्ब आणि बॅलास्ट. खालची चकती एच-४ ची केलेली, म्हणजे आपल्या दिव्यात ती बसते. बसते, पण ठिणगीचा आकार फिलामेंटसारखा नाही, तिची सगळ्यात प्रखर जागा वेगळी, आणि रिफ्लेक्टर बनला होता फिलामेंटसाठी. ठिबकच्या नळीला पाच हॉर्सपॉवरची मोटर जोडली तर डाळिंबाला पाणी जास्त मिळत नाही. सांधे सुटतात आणि पाणी चारीकडं उडतं. इथं तसंच होतं. उजेड तिप्पट होतो, पण तो कडेच्या वर, झाडांवर, समोरच्या काचेवर उडतो. बाजारातल्या एलईडी बल्बांची गोष्ट वेगळी नाही. हॅलोजनच्या दिव्यात बसवलेला एलईडी म्हणजे तोच प्रकार, फक्त बॅलास्टच्या जागी पंखा.

"पण आम्हाला तर जास्त दिसतं!" असं किट बसवलेले लोक सांगतात. खोटं बोलत नाहीत. पण काय जास्त दिसतं ते तपासा. गाडीच्या पुढचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता एकदम पांढराशुभ्र होतो. डोळ्याला बरं वाटतं. पण जवळ इतका उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते, आणि ६०-७० मीटरवरचा अंधार आणखी काळा दिसतो. ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पंधरा मीटरवरचा खड्डा दिसला तरी तुम्ही काही करू शकत नाही. उजेड पाहिजे तो लांब, आणि किटमध्ये नेमका तोच विस्कटतो.

रंगाचंही असंच. ४,३०० केल्विन, ६,०००, ८,००० असे आकडे डब्यावर असतात. पुष्कळांना वाटतं आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त. तो आकडा रंगाचा आहे, उजेडाचा नाही. हॅलोजन ३,२०० च्या आसपास, म्हणून पिवळसर. कंपनीचे झेनॉन साधारण ४,३०० चे. ८,००० म्हणजे निळा, आणि तेवढ्याच वॅटला निळ्या बल्बचा कामाचा उजेड कमी असतो. निळसर उजेड समोरच्याला टोचतोही जास्त.

आता या समोरच्याचा विचार करू, कारण सगळ्या विषयाचं मूळ तिथं आहे.

साधा हिशोब मांडू. दिव्याची उंची जमिनीपासून ६५ सेंटिमीटर धरा. उजेडाची कड मीटरला एक सेंटिमीटर खाली, म्हणजे एक टक्का उतरती लावलेली आहे. तर ५० मीटरवर ती कड जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर असेल. समोरच्या गाडीच्या टायरवर. आता तीच कड उतरती न राहता एक टक्का चढती झाली असं धरा. ५० मीटरवर ती ११५ सेंटिमीटरवर जाईल. छोट्या गाडीत बसलेल्या माणसाचा डोळा साधारण तेवढ्याच उंचीवर असतो. सगळा फरक एका टक्क्याच्या चढ-उताराचा आहे, आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीला तो नुसत्या नजरेनं कळणारसुद्धा नाही.

समोरच्याच्या डोळ्यांत उजेड गेला की तुम्ही पुढं निघून गेल्यावरही काही सेकंद त्याला नीट दिसत नाही. वय वाढलं की हे सेकंद वाढतात, मोतीबिंदू सुरू झालेल्या माणसाला तर फार त्रास होतो. तीन सेकंद धरा. ८० च्या वेगानं तीन सेकंदांत ६६ मीटर. तेवढं अंतर तो माणूस अंदाजानं गाडी हाकतो. आणि त्या ६६ मीटरमध्ये विनादिव्याची उसाची ट्रॉली उभी असली तर? तुम्ही तोवर पुढं निघून गेलेले असता. मागं काय झालं ते तुम्हाला कधी कळतही नाही. म्हणून म्हणतो, किट बसवणाऱ्याला आपल्या हातून काही वाईट झालं असं कधी वाटत नाही. त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यातला १०६ वा नियम दिव्याच्या झुकावाचा आहे. तो म्हणतो, पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली असा वळलेला असावा, की दिव्यापासून ८ मीटर पुढं, अर्धा मीटर उजवीकडं आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळा असलेला माणूस दिपणार नाही. हे उजवीकडं म्हणजे कुठं? समोरून येणारा असतो तिथं. म्हणजे मघाशी भिंतीवर बघितलेली कड नियमानं आकड्यांत लिहून ठेवली आहे.

दुसरं, मोटार वाहन कायदा १९८८ चं ५२ वं कलम. गाडीत असा बदल करायचा नाही, की उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हीच गोष्ट ठामपणे सांगितली, की उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर गाडी बदलता येत नाही. आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन १८२-अ हे कलम आलं. परवानगी नसलेला बदल मालकानं केला, बाहेरचा भाग बसवून केला तरी, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

काही जण म्हणतात, "आरसी बुकात बल्बचा वॅट लिहिलेला नसतो, मग बदल कसला?" युक्तिवाद हुशारीचा आहे. पण १०६ वा नियम आरसी बघत नाही. तो झोत बघतो. आणि दिवा हा मंजुरी घेतलेला भाग आहे. मंजुरी दिवा आणि बल्ब यांच्या जोडीला असते. जोडी मोडली की मंजुरी तुमच्यामागं उभी राहत नाही.

आपल्या भागातल्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. विजयपूरकडं निघालं की थोड्या वेळात आपण कर्नाटकात असतो. तिथल्या पोलिसांनी जुलै २०२४ मध्ये डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम काढली होती. "आमच्याकडं कोण विचारत नाही" हे हद्दीच्या अलीकडचं बोलणं झालं.

सभेतून एक प्रश्न आला आहे : "मग माझी गाडी कायद्यात बसते का, हे मी स्वतः कसं ओळखू?"

चांगला प्रश्न. दिव्याच्या काचेवर बारीक इंग्रजी अक्षरं असतात, बॅटरी घेऊन वाचा. 'एच-सी-आर' असेल तर 'एच' म्हणजे हॅलोजन. 'सी' म्हणजे डिपर, 'आर' म्हणजे अप्पर. 'डी-सी-आर' असेल तर 'डी' म्हणजे झेनॉनसारखा ठिणगीचा दिवा. काचेवर 'एच' आणि आत झेनॉन, तर ती जोडी चुकलेली. कंपनीतून झेनॉन किंवा एलईडी घेऊनच गाडी आली असेल तर काही करायचं नाही. फक्त बल्ब गेला तर त्याच जातीचा, त्याच रंगाचा, आणि दोन्ही बाजूंचे एकदम बदला.

दुसरा प्रश्न : "१००/९० वॅटचा हॅलोजन टाकला तर? तो तर हॅलोजनच आहे."

बसतो बरोबर, पण हिशोब करा. ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर घेतो, दोन्ही मिळून १०. १०० वॅटचे दोन जवळपास १७ अँपिअर. वायर त्याच, होल्डर तोच. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरची चकाकी जळते, आणि मग मूळचा बल्ब परत टाकला तरी पहिल्यासारखा उजेड येत नाही. शिवाय मंजुरीबाहेर तो आहेच.

"मग करायचं काय? पिवळ्या उजेडात तसंच जायचं?"

नाही. पुष्कळ करता येतं, आणि तेही थोड्या पैशांत. क्रमानं सांगतो.

पहिलं, काच. आपल्याकडच्या उन्हात प्लास्टिकची काच पाच-सात वर्षांत पिवळी, धुरकट होते. ती पॉलिश करून घ्या, जास्त खराब असेल तर दिवाच बदला. रात्री लांब निघण्याआधी ओल्या फडक्यानं काच पुसा. समोरची मोठी काच आतूनही पुसा.

दुसरं, व्होल्टेज. यावर कुणी बोलत नाही. हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं की उजेड साधारण ३० टक्के घटतो. जुन्या गाडीत गंजलेला अर्थ, सैल होल्डर, बारीक वायर यांत ते व्होल्टेज सहज खाल्लं जातं. ऑटो इलेक्ट्रिशियनला सांगा, इंजिन चालू, लाइट चालू, आणि मीटर बॅटरीवर न लावता थेट बल्बच्या पिनांवर लाव. दोन्हीकडं फरक जास्त आला तर अर्थ साफ करून, चांगल्या वायरला रिले लावून घ्या. बल्ब तोच ६०/५५, आणि उजेड बघून तुम्हीच म्हणाल की बल्ब बदलला का काय.

तिसरं, बल्ब. हॅलोजन हळूहळू म्हातारा होतो, एकदम जात नाही, म्हणून आपल्याला कळत नाही. चांगल्या कंपनीची, ठरलेल्या वॅटचीच नवी जोडी टाका. निळी काच असलेला हॅलोजन घेऊ नका. तो निळा रंग म्हणजे उजेड अडवणारा पडदा आहे.

चौथं, फोकस. गॅरेजमध्ये फोकस सेट करून मिळतो. नाही तर घरीच तपासा. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, चालवणारा सीटवर बसलेला, समोर भिंत १० मीटरवर. दिव्याच्या मध्याची उंची जमिनीपासून मोजा आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं रेघ मारा. डिपरची सपाट कड त्या रेघेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली पाहिजे. काही गाड्यांत दिव्याजवळच्या चिठ्ठीवर १ टक्का, १.२ टक्का असं लिहिलेलं असतं, ते आधी बघा. आणि स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन किंवा चार असे आकडे असलेलं छोटं चाक असतं. डिकीत पोती टाकली, मागं तिघं बसले, की गाडीचं नाक वर होतं. ते चाक त्यासाठीच आहे.

हे चारही करून उजेड कमी वाटला, तर पाचवं. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी प्रोजेक्टर किंवा एलईडी देते का, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा. देत असेल तर पूर्ण दिवा, सगळ्या वायरिंग आणि यंत्रणेसकट तिथूनच बसवून घ्या, त्याची पावती ठेवा. बसवण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. खर्च किटच्या कितीतरी पट येतो. पण उजेड रस्त्यावर पडतो.

शेवटचा प्रश्न एका काकांचा : "समोरचा डिपर देतच नाही. आपण एकट्यानं नियम पाळून काय उपयोग?"

काका, ट्रकच्या मागं रात्री डिपर वापरायची विनंती रंगवलेली आपण लहानपणापासून बघत आलो. ती ज्यानं रंगवली त्यालाही हेच वाटत असणार. समोरच्यानं अप्पर ठेवला तर आपण डिपर द्यायचा, नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर किंवा साइडपट्टीवर ठेवायची, वेग कमी करायचा. बदला म्हणून अप्पर मारला तर एकाऐवजी दोघं आंधळे होतात, आणि दोन गाड्यांमधलं अंतर तेवढंच राहतं.

तर आज घरी गेल्यावर एवढं करा. दिव्याच्या काचेवरची अक्षरं वाचा. मग भिंतीसमोर गाडी लावा, खडूची रेघ मारा आणि कड कुठं येते ते बघा. रेघेच्या खाली असेल तर तुमचा दिवा ठीक आहे. वर असेल तर उद्या सकाळीच गॅरेजला जा. हंगाम सुरू झाला की त्याच रस्त्यावर ट्रॉल्या असणार, आणि समोरून येणाऱ्याला त्या दिसल्या पाहिजेत.